वाजवणाऱ्यांच्या गावांना: मेम्फिस, मसल शोल्स, फिलाडेल्फिया

शनिवार, मेम्फिस

मेम्फिसला लोक येतात ते एल्व्हिस प्रेस्लीचं घर बघायला. विमानतळावरच्या फलकांपासून फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांपर्यंत सगळीकडे तोच. आम्ही भाड्याची गाडी ताब्यात घेतली आणि त्या रस्त्याला न लागता सरळ मॅकलेमोर अव्हेन्यू गाठला.

बरोबर मामा. उन्हाळ्यासाठी डोंबिवलीहून आमच्याकडे एडिसनला आलेला. सत्तरच्या दशकात तो गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात आधी बोंगो आणि मग ड्रम वाजवायचा. गणपतीत आज या मंडळात, उद्या त्या मंडळात. न्यू जर्सीतली देवळं आणि मॉल बघून झाल्यावर मी नायगाराचा विषय काढला, तर म्हणाला, "पाणी काय बघायचंय? आम्ही ज्यांच्या रेकॉर्डी घासून घासून ऐकल्या, ते ड्रमवाले बसायचे कुठे ते दाखव." त्यामुळे या प्रवासाचा आराखडा गायकांवरून ठरलाच नाही. ठरला तो सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेलं काळ्या अमेरिकनांचं लोकप्रिय संगीत, आणि त्यातून निघालेला डिस्को वाजवणाऱ्या, पण ज्यांची नावं रेकॉर्डच्या चकतीवर छापली जात नसत, त्यांच्यावरून.

९२६, ईस्ट मॅकलेमोर. इथे कॅपिटल नावाचं बंद पडलेलं सिनेमागृह होतं. बँकेत नोकरी करून फावल्या वेळात फिडल वाजवणारा जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी ते भाड्याने घेतलं. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासाठी एस्टेलबाईंनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून १९६१मध्ये त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव झालं स्टॅक्स. थिएटरात जिथे खाऊ विकला जायचा, तिथे बाईंनी रेकॉर्डचं दुकान थाटलं. वस्तीतली पोरं काय विकत घेतात, कुठल्या गाण्यावर दुकानातच पाय हलवतात, हे गल्ल्यावर बसून त्यांना दिसायचं आणि ते आत स्टुडिओत पोचायचं. बाजाराचा अंदाज घ्यायची याहून स्वस्त आणि चोख पद्धत मी ऐकलेली नाही.

आता जे उभं आहे ते मूळ बांधकाम नाही. मूळ इमारत १९८९मध्ये पाडली. त्याच जागेवर तशीच वास्तू बांधून २००३मध्ये संग्रहालय उघडलं, शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळाही काढली. स्टुडिओची जमीन मात्र मुद्दाम पूर्वीसारखीच उतरती ठेवली आहे. खुर्च्या काढल्या तरी थिएटरचा उतार तसाच राहिला होता, कारण जमीन सपाट करून घ्यायला पैसे नव्हते. समांतर भिंती नाहीत, सपाट जमीन नाही, त्यामुळे त्या खोलीत आवाज असा काही फिरायचा की बास आणि ड्रमला एक जडपणा यायचा. नेटका, महागडा स्टुडिओ बांधला असता तर हा आवाज मिळालाच नसता.

या खोलीतली नेहमीची मंडळी म्हणजे बुकर टी. अँड द एमजीज. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर. दोघे काळे, दोघे गोरे. बाहेरच्या मेम्फिसमध्ये तेव्हा या चौघांना एका टेबलावर जेवायला बसणं अवघड होतं. गाणारा ओटिस रेडिंग असो की सॅम अँड डेव्ह, मागे हेच. अल जॅक्सन स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेल्या छोट्या, ड्रमवर आपलं पैशाचं पाकीट ठेवून वाजवायचा म्हणतात, म्हणजे आवाज खणखणीत न येता थोडा दबून, कोरडा येतो. मामा तिथल्या ड्रमसेटसमोर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आम्ही रुमाल ठेवायचो. पाकिटात काही नसायचंच."

१० डिसेंबर १९६७ला ओटिस रेडिंगचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात कोसळलं. बरोबर बार-केज या साथीच्या वाद्यवृंदातली विशीही न गाठलेली मुलंही गेली. विमानातला फक्त ट्रम्पेटवाला बेन कॉली वाचला. पुढच्याच वर्षी स्टॅक्सच्या रेकॉर्डींचं वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीशी असलेला करार मोडला, तेव्हा त्यातल्या कलमांमुळे स्टॅक्सच्या हातातून तोवरची जवळजवळ सगळी गाणी गेली, हे उघडकीला आलं. सगळं घर रिकामं. अशा वेळी कंपनी हाताळणाऱ्या अल बेलने १९६९मध्ये एका झपाट्यात २७ अल्बम बाजारात आणायचं ठरवलं. त्यातला एक होता आयझॅक हेजचा. एकूण चारच गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांच्या वर, आणि त्यातही सुरुवातीला हा गृहस्थ बराच वेळ नुसता बोलतोय. पुरवणीला काढलेला हाच अल्बम तुफान चालला. सत्तरच्या दशकातला सोल इथून सुरू झाला असं मी मानते. तीन मिनिटांचं बंधन गेलं, व्हायोलिनं आली, बास पुढे सरकला. पुढे डिस्कोने ज्या लांबलचक रचना केल्या, त्यांना परवानगी या माणसाने आधीच देऊन ठेवली होती.

संग्रहालयात आयझॅक हेजची १९७२ची कॅडिलॅक फिरत्या चौथऱ्यावर ठेवली आहे. मोरपंखी निळा रंग, सोन्याचा मुलामा, आत पांढरी फर, टीव्ही आणि पेयांसाठी फ्रिज. त्याच वर्षी 'शाफ्ट' चित्रपटाच्या गाण्याला ऑस्कर मिळालं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये स्टॅक्सने एक डॉलर तिकीट लावून लाखभर लोकांसमोर वॉटस्टॅक्स हा कार्यक्रम केला. आणि १९७५च्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या कोर्टाने कंपनीला टाळं ठोकलं. गाडीही कर्जात गेली. तीन वर्षांत इतका चढ-उतार म्हणजे कुणाच्याही छातीत धडधडावं.

बाहेर पडायच्या आधी एक नाचाची फरशी आहे, समोर 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमातल्या नाचाची चित्रफीत चालू. मामाने चप्पल काढली. देवळातली सवय. मग नाचला. दोन शाळकरी मुलींनी टाळ्या वाजवल्या.

रविवार, हेल रोड

सकाळी चर्च. अल ग्रीनचं.

सत्तरच्या पूर्वार्धात या माणसाइतका हळुवार आवाज रेडिओवर दुसरा नव्हता. ऑक्टोबर १९७४मध्ये त्याच्या घरी एका मैत्रिणीने तो न्हाणीघरात असताना त्याच्या पाठीवर उकळती मक्याची लापशी ओतली आणि नंतर स्वतःला गोळी घालून घेतली. तो वाचला, पण खूप भाजला. १९७६मध्ये त्याने प्रेस्लीच्या घरापासून जवळच एक चर्च विकत घेतलं आणि तिथे प्रवचन करू लागला. पुढची कितीतरी वर्षं धर्मसंगीत सोडून दुसरं काही फारसं गायला नाही.

फुल गॉस्पेल टॅबरनॅकल. परक्यांना येऊ देतात, फक्त तमाशा बघायला आल्यासारखं वागू नये इतकीच अपेक्षा. आम्ही गेलो त्या दिवशी बिशप ग्रीन नव्हते. दुसऱ्या धर्मगुरूंनी उपासना चालवली. मला चुटपुट लागली, मामाला अजिबात नाही. तो ड्रमवाल्याच्या रेषेत बाक पकडून बसला. प्रवचन चालू असताना ड्रमवाला नुसता बसला नव्हता. धर्मगुरूंचं वाक्य जिथे टेकतं तिथे एक ठोका, आवाज चढला की झांजेवर हलकी सरसर, आणि ऑर्गनवाला त्याच्या मागोमाग स्वर धरून. बोलता बोलता बोलण्याचंच गाणं कधी झालं, ते नेमकं सांगता येणार नाही. काल ज्या अठरा मिनिटांच्या गाण्याचं कौतुक करत होते, त्यात हेज आधी एवढा वेळ का बोलतो हे इथे कळलं. ही या लोकांची रविवारची सवय आहे.

दानपेटी फिरली. एका आजींनी मामाचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी विचारलं. त्याला त्यांचा उच्चार कळला नाही, त्यांना त्याचा नाही. तरी संवाद बराच वेळ चालला.

दुपारी कॅटफिश. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला. मामाचं मत: मासा गोड्या पाण्यातला, म्हणजे मुळातच बिचारा. संध्याकाळी बील स्ट्रीटवर फेरफटका मारला. गर्दी, बिअर, निऑन, आणि सगळीकडे तेच-तेच ब्लूज. तिथे नाही गेलात तरी चालेल.

सोमवार, रॉयल स्टुडिओ

या प्रवासात एकच जागा बघायची मुभा असती तर मी ही बघितली असती.

रॉयलही जुनं थिएटरच. स्टॅक्सपासून गाडीने काही मिनिटांवर, साध्या वस्तीत. रस्त्याला आता इथला निर्माता विली मिचेल याचं नाव दिलं आहे. फरक एवढाच की ही इमारत कुणी पाडली नाही, स्टुडिओ कधी बंद पडला नाही, आणि १९६९-७०च्या सुमारास विली मिचेलने खोलीचा आवाज मनासारखा जुळवल्यावर कुणाला तिथली एक वस्तू हलवू दिली नाही. भिंतींवरचं उष्णतारोधक कापसाचं जाड अस्तर आज लोंबतंय, तरी काढत नाहीत. जमीन इथेही उतरती. २०१० मध्ये विली गेला. त्याचा मुलगा बू तो चालवतो. आधी लिहून वेळ घ्यावी लागते, कारण अजून खरंच रेकॉर्डिंग चालतं. २०१४चं 'अपटाउन फंक' माहीत नसलेला माणूस विरळा. त्याचा काही भाग या खोलीत झाला आहे.

आमच्या वाटाड्याने दिवे लावले आणि आम्हाला खोलीच्या मध्यावर, म्हणजे उताराच्या मध्यावर, उभं केलं. "टाळी वाजवा," म्हणाला. वाजवली. आवाज निघाला आणि संपला. घुमला नाही, परतला नाही. मामाने जरा खाली जाऊन वाजवली, वर जाऊन वाजवली. खाली थोडा भरीव, वर थोडा पातळ. "म्हणजे ड्रम इथे नाही ठेवायचा, तिथे ठेवायचा," असं त्याने मराठीत जाहीर केलं आणि बोट दाखवलं. वाटाडा हसून म्हणाला, तिथेच असतो.

इथले वादक म्हणजे हॉजेस बंधू: गिटारवर टीनी, ऑर्गनवर चार्ल्स, बासवर लीरॉय. ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स किंवा स्टॅक्सहून येणारा अल जॅक्सन. हाय रेकॉर्ड्स या कंपनीसाठी विली मिचेल हे सगळे जमवायचा. अल ग्रीन सुरुवातीला ओटिस रेडिंगसारखा, विल्सन पिकेटसारखा ताकद लावून गायचा. मिचेलचा हेका एकच: ओरडू नकोस, हळू गा. ज्या मायक्रोफोनवर तो शेवटी हळू गायला, तो '९' आकड्याचा मायक्रोफोन आजही आहे. १९७२च्या सुरुवातीला 'लेट्स स्टे टुगेदर' देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या श्रेयनामावलीत तीन नावं आहेत: ग्रीन, मिचेल आणि अल जॅक्सन. गाण्याच्या कर्त्यांमध्ये ड्रमवाला! मामाने हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

ते गाणं पुन्हा ऐका आणि गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. ड्रमवाला जवळजवळ काहीच करत नाही. एक गती धरतो, स्नेअरच्या जोडीला टॉमचा जाड ठोका देतो आणि सोडून देतो. या 'सोडून देण्या'वरच अल ग्रीनचं सगळं लाडिक गाणं उभं आहे. 'लव्ह अँड हॅपिनेस'च्या सुरुवातीला गिटारच्या पाठोपाठ पायाचे ठोके ऐकू येतात, ते टीनी हॉजेसचे. काटछाट करताना असली गोष्ट कुणीही पुसून टाकली असती. इथे ठेवली, आणि लोकांना त्या ठोक्यांवरूनच गाणं ओळखू येतं.

गायिका ॲन पीबल्सची गोष्टही याच खोलीतली. १९७३मधली पावसाची रात्र, कार्यक्रमाला निघायची घाई, आणि वैतागून तिच्या तोंडून निघून गेलं की हा पाऊस मला सहन होत नाही. बरोबर पुढे नवरा झालेला डॉन ब्रायंट होता. कार्यक्रम बाजूला राहिला, गाणं तयार झालं. मिचेलकडे तेव्हा विजेवर चालणारे टिम्बाले (जोडीचे छोटे ड्रम) नवीनच आले होते. त्यांचे टपटप आवाज घेऊन त्याने सुरुवात केली. पागोळ्या गळाव्यात तसं.

अल जॅक्सनचा १ ऑक्टोबर १९७५ला त्याच्याच घरात खून झाला. चाळिशीचाही नव्हता. दोन महिन्यांनी स्टॅक्सला कुलूप.

दुपारी लोरेन मोटेल. मार्टिन ल्यूथर किंगना ४ एप्रिल १९६८ला इथल्या सज्जावर गोळी घातली. आता नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी एवढंच लिहिते की स्टॅक्सच्या मंडळींची ही नेहमीची बैठकीची जागा होती. काळे-गोरे एकत्र बसू शकतील, पोहू शकतील, जेवू शकतील अशी शहरात फार थोडी ठिकाणं होती आणि त्यातलं हे एक. स्टीव्ह क्रॉपर आणि एडी फ्लॉइड यांनी 'नॉक ऑन वुड' इथल्याच खोलीत, विजा कडाडत असलेल्या रात्री रचलं. एप्रिल १९६८नंतर एमजीजच्या चौघांच्या खोलीतली हवा बदलली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. दंगलीत आजूबाजूची दुकानं जळाली, स्टॅक्सला कुणी हात लावला नाही. तरी.

मंगळवार, शेफील्ड

महामार्ग ७२ धरून पूर्वेला. टेनेसीतून निघायचं, मिसिसिपीचा कोपरा कापायचा, अलाबामात शिरायचं. तीन राज्यं आणि एकच देखावा: पाइनची झाडं, चर्चच्या पाट्या, फटाक्यांची दुकानं.

टेनेसी नदीच्या काठाला चार छोटी गावं एकमेकांना चिकटून आहेत: फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स. हेलन केलरचं जन्मघर टस्कंबियात आहे, तेही पाहिलं. तिने ज्या हातपंपाखाली 'पाणी' हा शब्द ओळखला, तो पंप अंगणात आहे. मामा हात जोडून उभा राहिला.

३६१४, जॅक्सन हायवे. काँक्रीटच्या ठोकळ्यांची बसकी इमारत, समोर दर्शनी दगड, शेजारी काही नाही. पूर्वी इथे शवपेट्या ठेवत असत. १९६९मध्ये चार गोऱ्या पोरांनी ती घेतली: कीबोर्डवर बॅरी बेकेट, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, बासवर डेव्हिड हूड, गिटारवर जिमी जॉन्सन. लोक त्यांना स्वॅम्पर्स म्हणत, म्हणजे दलदलीतले. आल्याआल्या त्यांच्याकडे गायिका शेर आली. तिच्या अल्बमला या पत्त्याचंच नाव आहे. त्याच वर्षी डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तीन दिवस मुक्काम ठोकून गेले. 'वाइल्ड हॉर्सेस' ज्या चिमुकल्या संडासात बसून पुरं केलं, तो दाखवतात. वाटाडीच्या सरावाच्या हास्यावरून कळतं की सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघतात.

मला मात्र यायचं होतं ते स्टेपल सिंगर्ससाठी. १९७२चं 'आय विल टेक यू देअर'. कंपनी स्टॅक्स, गाणारी शिकागोची मंडळी, वाजवणारे हे चौघे. गाण्याच्या मध्यात मेव्हिस स्टेपल्स गाणं थांबवून एकेका वादकाला पुकारते. बासची पाळी येते तेव्हा 'लिटल डेव्हिड' म्हणून हाक मारते. तो डेव्हिड हूड. मी आमच्याकडच्या एखाद्या सिनेगीतात गायिकेने मध्येच थांबून बासवाल्याला नावाने हाक मारल्याचं आठवायचा प्रयत्न केला. मामा म्हणाला, "हाक सोड. मानधनाच्या पावतीवर नाव बरोबर लिहिलं तरी आम्ही खूश."

हे गाणं ऐकून गायक पॉल सायमनने याच वादकांची मागणी केली. त्याची समजूत होती की वाजवणारे जमैकाचे काळे वादक आहेत. इथे येऊन पाहतो तर अलाबामाचे फिकट चेहऱ्याचे चौघे. त्यांच्याबरोबर एका गाण्यासाठी चार दिवस राखून ठेवले होते, ते पहिल्याच दिवशी झालं आणि उरलेल्या वेळात तो आणखी गाणी करून गेला.

खोली आता जशीच्या तशी जुळवली आहे. कामाच्या जागी सिगारेटचे चटके, भिंतींवर खरखरीत कापड, ड्रमसाठी एक छोटा कोनाडा. मामा कोनाड्यात शिरून बसायचा होता, वाटाडीने प्रेमाने अडवलं.

बुधवार, मसल शोल्स

सकाळी फेम. रिक हॉलचा स्टुडिओ, याच इमारतीत साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून. स्वॅम्पर्स मुळात याचे पगारी वादक. याला सोडूनच ते नदीजवळ जॅक्सन हायवेवर गेले. २४ जानेवारी १९६७ला गायिका अरीथा फ्रँकलिन इथे आली. स्पूनर ओल्डहॅमला वुर्लिट्झर पियानोवर एक लकेर सापडली आणि तिचं नशीब पालटलं. त्याच संध्याकाळी दारू, शब्दाला शब्द, तिच्या नवऱ्याची आणि रिक हॉलची हातघाई. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. मग अल्बम पुरा करायला इथल्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून घ्यावं लागलं. ताणतणावात कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, खोलीतला आवाज मात्र तिला तिथेही हवा होता.

भिंतीवर कँडी स्टॅटनचा फोटो आहे आणि आमच्या प्रवासाचा सांधा तो आहे. याच अलाबामात हॅन्सव्हिल गावी जन्मलेली, लहानपणी चर्चमध्ये गाणारी मुलगी. सत्तरच्या सुरुवातीला फेममध्ये तिने दक्षिणेकडचा अस्सल, रडवेला सोल गायला. १९७६मध्ये 'यंग हार्ट्स रन फ्री' आलं आणि तीच बाई जगभर डिस्कोची गायिका झाली. गाणं नीट ऐकलं तर ते मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या तावडीत सापडलेल्या बाईचं आहे, तिचं स्वतःचंच. बदललं ते फक्त खालचं ताट. सोल खरा आणि डिस्को चकचकीत नकली, असं ज्यांचं मत आहे त्यांनी या एका बाईचे हे दोन काळ पाठोपाठ ऐकावेत.

दुपारी नॅचेझ ट्रेस रस्त्याने नॅशव्हिलकडे. ट्रकना बंदी, वेगाला ताशी ५० मैलांची मर्यादा, एकही जाहिरात नाही. मामा झोपला.

गुरुवार

विमान, फिलाडेल्फिया, हॉटेल, पाऊस. लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, फिलाडेल्फिया

चायनाटाउनच्या कडेला, २१२ नॉर्थ ट्वेल्थ स्ट्रीट. सिग्मा साउंड. इमारत उभी आहे, आत स्टुडिओ नाही. फुटपाथवर राज्य सरकारचा निळा फलक. आत जाता येत नाही, म्हणून आम्ही समोरच्या बाजूला भिंतीला टेकलो आणि फोनवर गाणी लावली. दोघांत एकच इअरफोन, एक कान त्याचा, एक माझा.

१९६८मध्ये जो टार्सिया या तंत्रज्ञाने इथे स्टुडिओ सुरू केला. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१मध्ये फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स काढली. ओजेज, हॅरॉल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्स, बिली पॉल असे सगळे इथे गायले. मागे एमएफएसबी नावाचा तीसहून जास्त वादकांचा ताफा. मेम्फिसला चौघांत काम भागायचं. इथे व्हायोलिनं, हॉर्न, व्हायब्राफोन. गरिबीतला आवाज संपून इथे इस्त्रीचा आवाज सुरू होतो. मला मेम्फिस जास्त आवडतं हे आधीच सांगून टाकते. पण या ताफ्याच्या ड्रमवर अर्ल यंग होता आणि त्याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

१९७३, 'द लव्ह आय लॉस्ट'. गाणं आधी संथ होतं म्हणतात. बसेना, म्हणून वेग वाढवला. अर्ल यंगने पायाचा मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर टाकला: एक, दोन, तीन, चार, कुठेही खाडा नाही. आणि दोन मात्रांच्या मध्ये हाय-हॅटच्या झांजा किंचित उघडून मिटल्या: त्स्. त्स्. त्स्. बस्स. डिस्को म्हणून जगाला जे माहीत आहे, त्याचा सांगाडा तो हाच. खालून पाय जमिनीला धरून ठेवतो, वरून झांज उचलते; नाचणाऱ्याला मात्रा शोधावी लागत नाही. मामा फुटपाथवर टाचेने ठोके देत होता आणि तोंडाने झांज. येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती.

"१९८०ला 'कुर्बानी' आला," तो म्हणाला. "गणपतीत रोज 'आप जैसा कोई'ची फर्माईश. आणि आमच्या सेटचा पायाचा पेडल तुटका! मी रात्रभर डाव्या हाताने फ्लोअर टॉमवर एक-दोन-तीन-चार. खांदा गेला, पण पब्लिकने सोडलं नाही." ते गाणं बिद्दू या बंगळूरच्या माणसाने लंडनमध्ये केलेलं, 'कुंग फू फायटिंग'ही १९७४ला त्यानेच केलं होतं. म्हणजे फिलाडेल्फियातल्या या दुसऱ्या मजल्यावर एका ड्रमवाल्याने बसवलेली चाल लंडनला वळसा घालून गिरगावच्या मांडवात पोचली, आणि मधल्या कुणालाच अर्ल यंगचं नाव माहीत नव्हतं.

१९७४मध्ये एमएफएसबीच्या स्वतःच्या नावावरचं 'टीएसओपी', म्हणजे 'सोल ट्रेन'चं शीर्षकसंगीत, पहिल्या क्रमांकावर गेलं. वाजवणारे पुढे आले, पण पैसा त्या प्रमाणात येईना. थोड्याच काळात अर्ल यंग, बासवाला रॉनी बेकर, गिटारवाला नॉर्मन हॅरिस, व्हायब्राफोनवाला व्हिन्स मोंटाना यांनी न्यूयॉर्कच्या सॅलसोल कंपनीचं काम धरलं. वाजवायला खोली पुष्कळदा हीच. सॅलसोलनेच १९७६मध्ये 'टेन पर्सेंट' हे गाणं बारा इंची तबकडीवर दुकानांत विकायला आणलं. तोवर अशा तबकड्या फक्त नाइटक्लबातल्या डीजेंना मिळायच्या. सात इंची रेकॉर्डवर गाणं लांबवलं की खाचा दाटीवाटीने बसतात आणि बासचा जोर कमी करावा लागतो. बारा इंचीवर खाचांना जागा मिळते, बास मोकळा सुटतो, गाणं नऊ-नऊ मिनिटं चालतं. डिस्कोतला जो दणका पोटात जाणवतो, त्यात निम्मा वाटा या खाचांमधल्या अंतराचा आहे.

चालत ब्रॉड स्ट्रीटला गेलो. ३०९, साउथ ब्रॉड. गॅम्बल-हफचं कार्यालय इथे होतं. २०१०ला आग लागली, २०१५ला इमारत पाडली, आता तिथे उंच निवासी टॉवर आहे. फुटपाथवर संगीतकारांच्या नावांचे ब्राँझचे फलक बसवले आहेत. गॅम्बल आणि हफ सापडले.

१२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवला. रेकॉर्ड आणली की ९८ सेंटमध्ये प्रवेश. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द करावा लागला. तिथे काम करणाऱ्या एका काळ्या मुलाने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्को नसलेल्या, नुसत्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी कितीतरी होत्या. डिस्को 'मेला' तो असा. मला तरी यात संगीताची नावड कमी आणि ते कुणाचं होतं याचा राग जास्त दिसतो.

संध्याकाळी ट्रेंटनची लोकल पकडली. मामाचं ठरलं होतं: सगळ्यांत मोठा अल जॅक्सन. मी म्हटलं, अर्ल यंगने जगाला नाचवलं. तो म्हणाला, "अगं, सगळ्या मात्रा भरून कुणीही नाचवेल. रिकाम्या ठेवून नाचवणं अवघड." मी म्हटलं, मग त्या झांजेचं काय? ती उघडायची कधी, मिटायची कधी, हे कुणालाही जमेल? यावर तो गप्प बसला नाही. ट्रेंटनला गाडी बदलेपर्यंत गुडघ्यावर दोन्ही वाजवून दाखवत राहिला, आणि हाय-हॅट त्याला खरंच नीट जमत नव्हता.